सीटी स्कॅनच्या कागदावरचा डोस किती खरा?

मे २०२१. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सांगितलं की एका सीटी स्कॅनमध्ये छातीच्या ३०० ते ४०० एक्स-रेंइतके किरण अंगावर येतात, तेव्हा लक्षणं सौम्य असतील तर उगाच सीटी काढू नका. लगेचच रेडिओलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने उलट निवेदन काढलं. हा हिशेब तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांचा आहे, आताच्या अगदी कमी डोसच्या सीटीत पाच-दहा एक्स-रेंइतकेच किरण असतात, असं त्यांचं म्हणणं. दादर-परळच्या सेंटरांबाहेर एचआरसीटीसाठी, म्हणजे छातीच्या सीटीसाठी, ताटकळणाऱ्या माणसाने ऐकायचं कोणाचं? तीनशे-चारशे कुठे आणि पाच-दहा कुठे!

ती लाट ओसरली, पण गोंधळ तसाच राहिला. आता बऱ्याच सेंटरांत सीटीच्या फिल्मवर किंवा सीडीत शेवटी एक छोटा तक्ता मिळतो. त्यात ‘सीटीडीआय-व्हॉल’ आणि ‘डीएलपी’ अशी दोन नावं आणि पुढे आकडे, तेही दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत. ४९८.३७ असा आकडा दिसला की कोणालाही वाटतं, आपल्या अंगात नेमकं किती गेलं ते यंत्राने मोजलं. तसं काही झालेलं नसतं. तो आकडा काय सांगतो, किती चुकू शकतो आणि चुकत असूनही कामाचा का आहे, ते पाहू.

पाऊस किती पडला आणि तुम्ही किती भिजलात

२६ जुलै २००५ च्या त्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्यात जेमतेम ७३. दोन्ही मापकं ठीक होती. पाऊसच जागोजागी वेगळा होता. शिवाय या दोन्ही आकड्यांवरून त्या दिवशी एखादा माणूस किती भिजला हे कळत नाही. तो कुठे होता, किती वेळ होता, अंगावर रेनकोट होता का, यावर ते ठरतं. आणि भिजल्यावर आजारी पडला का, हा आणखी पुढचा प्रश्न.

एक्स-रेच्या डोसमध्येही हेच तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ केल्यामुळे होतो. एखाद्या ठिकाणच्या हवेत किरणांनी किती ऊर्जा सोडली, हा पहिला. ते मापकातल्या पावसासारखं, मोजता येण्याजोगं. त्यातली शरीरातल्या कोणत्या अवयवात किती मुरली, हा दुसरा. ती जिवंत माणसाच्या आत मोजता येत नाही, हिशेबाने काढावी लागते. आणि त्यातून धोका (मुख्यतः कॅन्सरचा) किती, हा तिसरा. तो तर अंदाजावरचा अंदाज.

पहिल्या दोन्हींचं एकक ग्रे. एक किलो पदार्थात एक ज्यूल ऊर्जा मुरली की एक ग्रे. तिसऱ्या प्रश्नासाठी सिव्हर्ट वापरतात. त्यात कोणता अवयव किरणांना किती नाजूक, याचं वजन धरलेलं असतं. रोजच्या तपासण्यांमध्ये दोन्हींचे हजारावे भाग, म्हणजे मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट, पुरतात.

डबीतली हवा

एक ग्रे डोसने एक किलो पाणी किती तापतं? एका अंशाच्या चार हजाराव्या भागाइतकं. साध्या थर्मामीटरला ते कळणारच नाही. मग मोजायचं कसं?

सर्वात भरवशाची युक्ती फार जुनी आहे. एका छोट्या डबीत हवा ठेवायची आणि दोन बाजूंना विजेचा दाब द्यायचा. एक्स-रे हवेतून गेला की हवेच्या कणांमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि डबीतून अगदी बारीक प्रवाह वाहू लागतो, अब्जांश अँपिअरच्या घरातला. हवेत अशी एक जोडी सुटायला सरासरी ३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, हे पक्कं माहीत आहे. तेव्हा किती वीज वाहिली यावरून किती ऊर्जा सुटली ते थेट काढता येतं. या डबीला आयन चेंबर म्हणतात.

आता डबी उघडी असते, म्हणजे आतली हवा बाहेरच्या हवेसारखीच. उन्हाने हवा विरळ झाली की त्याच डबीत हवा कमी मावते आणि आकडा कमी येतो. २० अंशांऐवजी ३० अंश असेल तर सुमारे साडेतीन टक्के कमी. उंचीचा फरक याहून मोठा. मुंबईत समुद्रसपाटीला जी डबी १०० दाखवेल, ती सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला तेवढ्याच किरणांना ८५ च्या आसपास दाखवेल, कारण तिथे हवेचा दाबच तेवढा कमी. म्हणून मोजणारा माणूस आधी खोलीचं तापमान आणि दाब टिपतो आणि मग आकडा दुरुस्त करतो. हे न करता कोणी डोसचा अहवाल दिला, तर तो मी वाचणारही नाही.

अँजिओप्लास्टीच्या कॅथ लॅबमधल्या यंत्रांत अशीच एक चपटी, एक्स-रेला जवळजवळ पारदर्शक डबी, एक्स-रे जिच्यातून निघतात त्या नळीच्या तोंडाशीच बसवलेली असते. ती एका बिंदूचा डोस न देता डोस गुणिले झोताचं क्षेत्रफळ देते. छपरावर किती मिलिमीटर पडला याऐवजी पन्हाळीतून एकूण किती पाणी आलं, असं. याची मोठी सोय अशी की झोत जसजसा पुढे जातो तसा पसरतो आणि पसरला तेवढाच विरळ होतो, त्यामुळे गुणाकार कुठेही मोजा, साधारण तोच येतो. पण त्यातच त्याची मर्यादाही आहे. लहानशा जागेवर जोरदार मारा आणि मोठ्या जागेवर हलका शिडकावा, दोन्हींचा गुणाकार सारखा येऊ शकतो. भाजण्याची भीती फक्त पहिल्यात.

न मोजता दाखवलेला आकडा

पुष्कळ यंत्रांत ही डबीसुद्धा नसते. पडद्यावर डोस दिसतो खरा, पण तो हिशेबाने आलेला असतो. टेक्निशियनने अमुक केव्ही लावले, अमुक मिलिअँपिअर, इतका वेळ, म्हणजे डोस इतका, असं कोष्टक यंत्राच्या संगणकात भरलेलं असतं. हे गैर नाही. मात्र मग आकड्याचा खरेपणा त्या कोष्टकाइतकाच.

केव्ही म्हणजे नळीला दिलेला विजेचा दाब. डोस साधारण त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. यंत्रावर ७० लावले आणि प्रत्यक्षात ७५ गेले, तर डोस १५ टक्क्यांनी वाढला. भारतातल्या गुणवत्ता चाचणीत पाच केव्हीपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे यंत्र पास, तरी डोसमध्ये १५ टक्क्यांचा फरक आतच बसला. नळी जुनी झाली की तिच्यातली टंगस्टनची चकती खरबरीत होते आणि किरण कमी निघतात. कोष्टक मात्र नव्या नळीचं, त्यामुळे पडद्यावर खऱ्यापेक्षा जास्त डोस दिसतो. नळी बदलली आणि कोष्टक बदलायचं राहिलं, तर उलटं होतं.

म्हणूनच कॅथ लॅबच्या यंत्रांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकांनी पडद्यावरच्या डोसला दोन्ही बाजूंना ३५ टक्के सूट दिली आहे. अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेचा, नियमही तेच सांगतो. खरा डोस १ ग्रे असेल, तर पडदा ०.६५ पासून १.३५ पर्यंत काहीही दाखवू शकतो आणि यंत्र नियमात बसतं. किराणा दुकानदाराचा काटा एवढा चुकला तर वजनमापे खातं दुकानाला टाळं लावेल!

आणि एवढं करून तो आकडा तुमच्या पाठीवरचा नसतोच. तो एका ठरलेल्या बिंदूवरचा असतो: यंत्राचा हात ज्या मध्यबिंदूभोवती फिरतो, तिथून नळीच्या दिशेने १५ सेंटिमीटरवरचा. तुमची त्वचा त्या बिंदूच्या अलीकडे असेल किंवा पलीकडे. टेबल खाली घेतल्यामुळे नळीपासूनचं अंतर ७० सेंटिमीटरचं ६० झालं, तर डोस ३६ टक्क्यांनी वाढतो. पडद्याला त्याचा पत्ता नसतो. टेबल आणि गादी थोडे किरण अडवतात, म्हणजे डोस घटतो. अंगात शिरलेले किरण विखरून परत त्वचेवर येतात, त्याने तो वाढतो, परिस्थितीनुसार २० टक्के ते अगदी ५० टक्क्यांपर्यंतही.

सीटीतला माणूस प्लास्टिकचा

सीटीचा आकडा याहून वेगळा. सीटीडीआय-व्हॉल मोजतात तो ॲक्रिलिकच्या भरीव गोल ठोकळ्यात. डोक्यासाठी १६ सेंटिमीटर व्यासाचा ठोकळा, धडासाठी ३२. या ठोकळ्याला फँटम म्हणतात. त्यात भोकं असतात, भोकांत आयन चेंबर घालतात आणि यंत्र चालवून पाहतात. तुमच्या कागदावरचा आकडा सांगतो की ज्या सेटिंगवर तुमचा स्कॅन झाला, त्याच सेटिंगवर तो ठोकळा ठेवला असता तर त्याला सरासरी इतका डोस मिळाला असता.

ठोकळ्याला डोस मिळाला, तुम्हाला किती ते तुमच्या आकारावर. सहा-सात वर्षांच्या किडकिडीत पोराच्या पोटाचा स्कॅन ३२ सेंटिमीटरच्या ठोकळ्याच्या हिशेबाने नोंदला, तर पोराला खरा डोस कागदावरच्यापेक्षा पुष्कळ जास्त, अंगाने फारच बारीक असेल तर दुपटीच्या आसपास असतो, कारण बारीक शरीरात किरण मधोमध सहज पोचतात. दणकट माणसाला त्याच सेटिंगवर कागदापेक्षा कमी. (अर्थात यंत्र दणकट माणसासाठी स्वतःहून किरण वाढवतं, त्यामुळे त्याने खूश व्हायचं कारण नाही.) अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये आकारानुसार दुरुस्तीची कोष्टकं दिली. आपल्याकडे मुलाच्या सीटीचा डोस पाहताना ‘कोणत्या फँटमवर?’ हा एक प्रश्न विचारला, तरी समोरचा माणूस जपून उत्तर देऊ लागतो.

दुसरा आकडा डीएलपी. सीटीडीआय-व्हॉलला स्कॅन केलेल्या लांबीने गुणलं की तो मिळतो. त्यावरून मिलिसिव्हर्ट काढायला प्रत्येक भागाचा एक ठरलेला गुणक आहे. मोठ्या माणसाच्या छातीसाठी ०.०१४. म्हणजे डीएलपी ५०० असेल तर ७ मिलिसिव्हर्ट. पण हा गुणक एका प्रमाणित, कागदावरच्या शरीराचा आहे. ठाण्याच्या सहस्रबुद्धे काकांचा नाही.

तीनशे की सात?

आता २०२१ चं भांडण सुटतं. छातीच्या एका एक्स-रेचा डोस सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट. नेहमीच्या सेटिंगवरच्या छातीच्या सीटीचा ७ धरला, तर भागाकार ३५० येतो. अगदी कमी डोसची खास सेटिंग लावून तोच सीटी ०.१ ते ०.२ मिलिसिव्हर्टमध्ये काढला, तर पाच-दहा येतो. गणित दोन्ही बाजूंचं बरोबर होतं. फरक सेटिंगचा होता, आणि रांगेतल्या माणसाला आपला स्कॅन कोणत्या सेटिंगवर होणार हे कोणी सांगत नव्हतं. माझ्या मते त्या वादात खरी उणीव हीच. दोन्ही बाजू सरासरी सांगत होत्या आणि प्रत्येक रुग्णाच्या कागदावर त्याचा स्वतःचा डीएलपी छापता आला असता.

मग असला ढोबळ आकडा हवा कशाला?

लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात मेंदूच्या रक्तप्रवाहाचा सीटी काढताना सेटिंग चुकीचं बसलं. एफडीएने ऑक्टोबर २००९ मध्ये जाहीर केलं की १८ महिन्यांत २०६ रुग्णांना अपेक्षेच्या सुमारे आठपट किरण मिळाले. जास्तीत जास्त अर्धा ग्रे जायला हवा होता, गेले तीन ते चार ग्रे. काहींचे डोक्यावरचे केस पट्ट्यासारखे गळले, त्वचा लाल झाली. हा प्रकार उजेडात आला तो केस गळाल्याचं एका रुग्णाने कळवल्यावर. त्यानंतर एफडीएने रुग्णालयांना जे बजावलं त्यात एक साधी गोष्ट होती: बटण दाबण्याआधी यंत्राच्या पडद्यावरचा डोस पाहा.

आठपट चूक पकडायला आकडा ३५ टक्क्यांपर्यंत चुकणारा असला तरी पुरतो. रोज ५० दाखवणारं यंत्र एके दिवशी ४०० दाखवू लागलं, तर तो आकडा शुद्ध आहे की नाही यावर चर्चा करत बसायचं नसतं.

याच विचारातून ‘संदर्भ पातळी’ आली. अनेक रुग्णालयांतले एकाच तपासणीचे डोस गोळा करायचे, चढत्या क्रमाने लावायचे आणि तीन-चतुर्थांश रुग्णालयं ज्याच्या खाली बसतात तो आकडा पातळी मानायचा. तुमच्या सेंटरचा नेहमीचा डोस त्याच्या वर असेल, तर का ते शोधायचं. ही मर्यादा नाही, धोक्याची रेषाही नाही. आपण शेजाऱ्यांपेक्षा जास्त किरण का वापरतो, एवढाच प्रश्न ती विचारते. इथे सगळ्यांची मापं एकाच मानकाशी जुळलेली असणं मात्र फार गरजेचं. नाहीतर एकाचं यंत्र ३० टक्के जास्त दाखवणार, दुसऱ्याचं ३० टक्के कमी, आणि जास्त किरण वापरणाराच शहाणा ठरणार.

अणुशक्तीनगर ते तुमच्या गल्लीतलं सेंटर

मुंबईकरांना सहसा ठाऊक नसतं, पण देशातल्या प्रत्येक एक्स-रे यंत्राचा कारभार आपल्या शहरातूनच चालतो. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं. त्याचं मुख्य कार्यालय अणुशक्तीनगरच्या नियामक भवनात. एक्स-रे यंत्र चालवायला मंडळाचा परवाना लागतो, अर्ज ‘ई-लोरा’ या संगणकीय प्रणालीतून होतो आणि दर दोन वर्षांनी यंत्राची गुणवत्ता चाचणी करून घ्यावी लागते. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र देशाची किरणोत्सर्गाची मानकं सांभाळतं. तिथल्या मानकाशी चाचणीची उपकरणं ताडून घेतात, ती उपकरणं घेऊन एजन्सीचा माणूस सेंटरमध्ये येतो आणि तुमचं यंत्र तपासतो. ताडून पाहण्याच्या या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात.

प्रत्येक पायरीवर थोडी चूक वाढते. मानकात टक्क्याच्या आसपास, उपकरणात काही टक्के, यंत्राच्या पडद्यावर पोचेपर्यंत ती वीस-तीस टक्के होऊ शकते. पायऱ्या जागेवर आहेत तोवर ती किती, हे निदान सांगता येतं. उपकरणाची कॅलिब्रेशनची मुदत संपली असेल तर तेही सांगता येत नाही.

“टेक्निशियन काचेमागे पळतो, मग मला का आत ठेवतात?”

हा प्रश्न प्रत्येक सेंटरमध्ये रोज कोणीतरी विचारतं, आणि तो रास्त आहे. टेक्निशियन दिवसभरात कितीतरी एक्स-रे काढतो आणि त्यातल्या एकाचाही त्याला काही फायदा नसतो. म्हणून त्याला मर्यादा: सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. छातीवर लावलेला, त्याचा डोस नोंदणारा टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. सामान्य माणसासाठी वर्षाला १. रुग्णाला मात्र अशी मर्यादा नाही, कारण त्याच्या डोसचा मोबदला त्यालाच मिळतो. डॉक्टरने तपासणी गरजेची आहे का हे ठरवायचं आणि गरजेची असेल तर काम भागेल इतकेच किरण वापरायचे, एवढं बंधन.

“पोटावर शिशाचं कापड का नाही टाकलं?” हाही नेहमीचा. पूर्वी टाकत. आता बऱ्याच तज्ज्ञ संघटना नको म्हणतात. कापड यंत्राच्या स्वयंचलित नियंत्रकाच्या वाटेत आलं, तर त्याला वाटतं किरण पोचत नाहीत आणि तो डोस वाढवतो.

सगळे आकडे जोडत बसायचं का?

आईचा मागच्या वर्षीचा सीटी, यंदाचे दोन, मध्ये एक मॅमोग्राफी, सगळ्याची बेरीज करून धास्तावणारी मुलं-मुली असतात. बेरजेने काही हाती लागत नाही. कॅन्सरच्या धोक्याचा जो दर वापरतात तो साधारण एका सिव्हर्टला पाच टक्के, म्हणजे ७ मिलिसिव्हर्टला सुमारे तीन हजारांत एक. तोही हजारो माणसांच्या समूहाचा, त्यातही वय आणि लिंगाप्रमाणे बदलणारा. डोस मोजण्यातली ३० टक्क्यांची चूक या अंदाजातल्या अनिश्चिततेपुढे किरकोळ आहे. शिवाय आज गरजेच्या असलेल्या तपासणीचा फायदा आधी किती सीटी झाले त्यावर कमी-जास्त होत नाही. जुन्या फिल्म आणि सीडी जपायच्या त्या वेगळ्या कारणासाठी: दाखवायला असल्या तर तोच सीटी पुन्हा काढावा लागत नाही.

एका जागी मात्र आकडा जवळ ठेवाच. अँजिओप्लास्टी लांबली असेल, दोन-तीन तास चालली असेल किंवा थोड्या दिवसांत दुसऱ्यांदा करावी लागली असेल, तर डिस्चार्जच्या कागदांबरोबर कॅथ लॅबच्या डोसची नोंद मागून घ्या. यंत्रावरचा एकूण डोस ५ ग्रेच्या वर गेला असेल, तर ३५ टक्क्यांची सूट धरूनही त्वचेवर लक्ष ठेवण्याइतका तो मोठा आहे. किरण पाठीतून शिरतात, त्यामुळे खुणा पाठीवर उमटतात, पेशंटला स्वतःला न दिसणाऱ्या जागी आणि काही आठवड्यांनी, तोवर अँजिओप्लास्टी विसरलेलीही असते. चौकोनी लालसर चट्टा दिसला तर घरचे त्याला गजकर्ण किंवा गादीचा चट्टा समजतात आणि मलम लावत बसतात. त्वचेच्या डॉक्टरकडे जाल तेव्हा तो कॅथ लॅबचा कागद बरोबर न्या आणि तपासणीसाठी तिथला तुकडा काढायचं त्यांच्या मनात असेल, तर आधी तो त्यांना दाखवा. किरणांनी दुखावलेली त्वचा कापली की जखम लवकर भरत नाही.